मुंबईची बेटं नक्की कोणत्या दगडाची? (बोअर अहवाल हातात आलेल्यांसाठीही)

साष्टीकर

महाराष्ट्र म्हणजे काळा कातळ, हे शाळेपासून आपल्याला पाठ आहे. मुंबईच्या बेटांबाबत ते अर्धंच खरं आहे. कुलाब्यापासून माहीमपर्यंतची जुनी सात बेटं, वरची साष्टी, पूर्वेकडे ट्रॉम्बे आणि घारापुरी एवढ्याशा पट्ट्यात पिवळा, राखाडी, हिरवट, विटकरी असा नाना तऱ्हेचा दगड दिसतो. पुनर्विकासाच्या निमित्ताने सध्या सोसायटी-सोसायटीत बोअर अहवाल (जमिनीत खोल भोक पाडून तपासलेल्या माती-खडकाची नोंद) फिरताहेत. त्यात 'ब्रेशिया' (राखेत रुतलेले कोनदार तुकडे), 'टफ' (घट्ट झालेली ज्वालामुखीची राख), 'शेल' (चिखलाचा पातळ थरांचा दगड) असे शब्द असतात आणि कंत्राटदाराकडून उत्तर येतं, "खाली काळा पत्थर आहे, काळजी नको."

जाणकारांना तीन प्रश्न:

१. या बेटांचा दगड आणि घाटातला दगड एकच का?
२. प्रयोगशाळेत न जाता प्रकार ओळखायचा कसा?
३. बोअर अहवालात टफ किंवा शेल आला तर पायाच्या दृष्टीने काय समजायचं?

कातळखूण

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: कुटुंब एक, पण पिढी वेगळी.

दख्खनच्या लाव्ह्याचा मुख्य भाग, म्हणजे आपले घाट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास साचला. मुंबईच्या खडकांची आर्गॉन पद्धतीने काढलेली वयं मात्र ६.२५ कोटी वर्षांच्या आसपास आणि काही त्याहूनही अलीकडची येतात. म्हणजे घाट उभा राहिल्यानंतर तीस-पस्तीस लाख वर्षांनी इथे पुन्हा उद्रेक झाले, आणि तेही वेगळ्या परिस्थितीत. तेव्हा भारताचा पश्चिम किनारा फाटत होता, कवच ताणलं जात होतं, जमीन खचत होती. त्यामुळे तीन गोष्टी घडल्या.

एक, थर कलले. घाटात लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवे दिसतात. पनवेलच्या पट्ट्यात ते पश्चिमेकडे वाकलेले आहेत, आणि मुंबईत सर्वसाधारण कल पश्चिमेकडे १०-१५ अंशांचा आहे. मलबार हिलचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. समुद्राकडची बाजू लांब उताराची, गिरगावाकडची कड्याची. थर कलले की पुढे आलेला कठीण थर असाच वागतो.

दोन, लाव्हा बऱ्याच ठिकाणी उथळ पाण्यात ओतला गेला. पाण्यात लाव्हा शिरला की बाहेरचा भाग तडकून काचेचे तुकडे होतात, आत गोलसर उशी लाव्हा तयार होतो, आणि नंतर गरम पाण्याने त्यातली खनिजं बदलून खडक हिरवट होतो. याला स्पिलाइट म्हणतात. घाट चढताना हे सहसा दिसत नाही.

तीन, नुसता बेसाल्ट, म्हणजे घाटातला काळा कातळ, आला नाही. बेसाल्टमध्ये सिलिका ५० टक्क्यांच्या आसपास असते. इथे ६०-६५ टक्क्यांचा ट्रॅकाइट आहे आणि ७० च्या वरचा ऱ्हायोलाइटही. मनोरी, साकीनाका, मालाड-खारोडी इथे ट्रॅकाइट. डोंगरी-उत्तनला ऱ्हायोलाइट, त्यात प्रवाहाचे पट्टे आणि स्तंभ दोन्ही दिसतात.

बेटांवरची मांडणी सोपी आहे. पश्चिमेला मलबार हिल, कंबाला हिल, वरळी ही बेसाल्टची कड. तिच्या पोटात गाळाचा शेल. पूर्वेला माझगाव, परळ, शिवडी, अँटॉप हिलच्या बाजूला राखेचे आणि ब्रेशियाचे थर. दोन्ही कडांच्या मध्ये सखल भाग, तिथे खाडीची चिकणमाती आणि वर माणसाने टाकलेला भराव.

रेवती_जो

वाचनखूण साठवली. एक शंका. ६.२५ कोटी म्हणजे डायनोसॉर संपल्यानंतरचे हे दगड? मग वरळीला जीवाश्म सापडले म्हणतात ते कशाचे?

कातळखूण

हो ताई, नंतरचेच. डायनोसॉर ६.६ कोटी वर्षांच्या सीमेवर संपले. वरळी आणि मलबार हिलच्या शेलमध्ये सापडले ते बेडूक, कासव, छोटे शिंपलेधारी सायप्रिस आणि वनस्पतींचे अवशेष. बेडकाचं वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८४७मध्ये केलं. आज त्याचं नाव इंडोबॅट्राकस पुसिलस. कासवाचं वर्णन एच. जे. कार्टर यांनी १८५२मध्ये केलं.

बेडूक आणि सायप्रिस आहेत म्हटल्यावर तो गाळ गोड्या पाण्याचा, निदान समुद्राशी थेट न जोडलेल्या तळ्याचा. दोन उद्रेकांमधल्या शांत काळात तळं साचलं, त्यात काळपट चिखल बसत गेला, आणि वरून पुढच्या लाव्ह्याने ते झाकलं. हा चिखलाचा थर साष्टीकरांच्या तिसऱ्या प्रश्नात परत येणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

अंधेरी_पूर्व

गिल्बर्ट हिलचा उल्लेख कसा नाही? जगात असे फक्त दोन-तीनच आहेत, एक अमेरिकेत आणि एक आपल्या अंधेरीत. साडेसहा कोटी वर्षांचा.

गारगोटी

@अंधेरी_पूर्व, गिल्बर्ट हिल मोलाचा आहेच, पण ही 'जगात दोन-तीनच' वाली माहिती फिरवू नये. स्तंभाकार लाव्हा जगभर आहे. आपल्याकडे कोल्हापूरजवळ बांदिवड्याला आहे, कर्नाटकात उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटांवर आहे. ज्याच्याशी तुलना करतात तो अमेरिकेतला डेव्हिल्स टॉवर तर बेसाल्टही नाही, तो फोनोलाइट आहे. आणि गिल्बर्ट हिलचं मोजलेलं वय ६.०५ कोटी वर्षं, अधिक-उणे १२ लाख. म्हणजे मुंबईतल्या अलीकडच्या खडकांपैकी तो एक.

त्याचं खरं वेगळेपण उंचीत आहे. जवळपास ६० मीटरचा कडा आणि त्यात सलग उभे स्तंभ. लाव्हा थंड होताना आकसतो, आकसताना भेगा पडतात, आणि त्या भेगा थंडावणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात आत सरकतात. स्तंभ उभे, म्हणजे थंडावणारे पृष्ठभाग वर आणि खाली, आडवे होते. उभ्या भेगेत घुसलेली डाइकची भिंत असती तर स्तंभ आडवे पडले असते. म्हणून हा जाड आडवा साठा होता, बाजूचा मऊ खडक गेला आणि हा राहिला. शिवाय बाजूची बरीच टेकडी खाणीसाठी फोडली गेली, हेही विसरू नये. १९५२मध्ये त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला तरी पायथ्याशी इमारती अगदी चिकटून आहेत. स्तंभांच्या उभ्या सांध्यांत पिंपळ-वडाची मुळं शिरली की पाचर बसते आणि अख्खा स्तंभ सुटतो. कोवळं असतानाच रोप काढणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. मूळ मनगटाएवढं झालं की ते ओढायचं नाही, बुंधा कापून जागीच मारायचं. ओढलं की दगडासकट येतं.

कातळखूण

+१. स्तंभ बघायला येणाऱ्यांनी कडेला उभं राहून फोटो काढू नयेत, एवढी भर घालतो. वरचे तुकडे आधीच सुटलेले असतात.

चुनेगच्ची

इमारतींच्या बाजूने लिहितो, कारण मुंबईचे दगड एका जागी बघायचे तर फोर्टसारखी जागा नाही.

राजाबाई टॉवरला कुर्ल्याचा बदामी दगड. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला कुर्ल्याचा राखाडी बेसाल्ट आणि मालाडचा पिवळट ट्रॅकाइट, दोन्ही शेजारी-शेजारी. डेव्हिड ससून वाचनालयाला मालाडचा पिवळा. १९२४मध्ये पुरं झालेलं गेटवेही पिवळ्या खारोडीच्या दगडाचं. बारीक नक्षीसाठी बऱ्याच ठिकाणी पोरबंदर दगड वापरलाय. तो ज्वालामुखीचा नाहीच, सौराष्ट्रातून आलेला चुनखडक आहे.

डागडुजीत हमखास होणारी चूक म्हणजे सांध्यांत सिमेंट भरणं. ट्रॅकाइट आणि पोरबंदर दोन्ही श्वास घेणारे दगड आहेत. पावसात आत गेलेलं पाणी बाहेर पडायला सांधा हीच वाट. ती सिमेंटने बंद केली की पाणी दगडाच्या चेहऱ्यातून निघतं, सोबत समुद्री मीठ आणतं, मीठ पृष्ठभागाखाली स्फटिक धरतं आणि दगडाचा पापुद्रा उडतो. सांधा शाबूत राहतो आणि दगडच आत गेलेला दिसतो, ती याची खूण.

बरोबर पद्धत अशी: जुना सांधा हातछिन्नीने रुंदीच्या दुप्पट खोल खरवडायचा (ग्राइंडर नको, दगडाच्या कडा जातात). ब्रशने धूळ काढायची, पाण्याने भिजवायचं, पृष्ठभागावरचं पाणी ओसरू द्यायचं. मग १ भाग चुना आणि अडीच ते ३ भाग चाळलेली, मीठ नसलेली वाळू. दमट हवेत लवकर धरण्यासाठी त्यात सुरखी (विटांची पूड) घालतात. खोल सांधा एका दमात भरायचा नाही, थरांनी भरायचा. निदान ७ दिवस ओली गोणपाटं लावायची. पावसाळ्यात हे काम काढायचंच नाही.

ट्रॅपवाला

@चुनेगच्ची, काम उत्तम सांगितलंत, पण एका मुद्द्यावर असहमत. गेटवेचा दगड सगळीकडे 'पिवळा बेसाल्ट' म्हणूनच छापलेला असतो. तुम्ही आणि कातळखूण मालाड-खारोडीच्या दगडाला ट्रॅकाइट म्हणता. बेसाल्ट झिजला की पिवळा पडतोच ना? त्यावरून दगडाची जात कशी बदलेल?

गारगोटी

रंगावरून जात ठरवूच नये, हे तुमचं अगदी बरोबर. झिजलेला बेसाल्ट पिवळा पडतो हेही खरं. पण झिजेचा पिवळा रंग सालीत असतो. फोडल्यावर आत काळपट-करडा गाभा मिळतो. मालाडचा दगड आतपर्यंत पिवळट-बदामीच असतो आणि तरीही घट्ट असतो, हातोडीखाली वाजतो. भिंगातून बघा. बेसाल्टमध्ये पायरोक्सीन या खनिजाचे बारीक काळे कण दाटलेले असतात, मालाडच्या दगडात फेल्डस्पार या फिकट खनिजाचीच गर्दी, काळी खनिजं तुरळक.

सगळ्यात सोपा निवाडा घनतेचा. साष्टीकरांचा दुसरा प्रश्नही यातच सुटतो, म्हणून सविस्तर देतो.

साहित्य: १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, पसरट भांडं, शिवणाचा दोरा, ३०० ते ५०० ग्रॅमचा ताजा तुकडा. तुकड्याची तपकिरी साल पूर्ण फोडून काढलेली हवी.

आधी कोरडं वजन घ्या. मग तुकडा तासभर पाण्यात बुडवून ठेवा, म्हणजे छिद्रांतली हवा निघेल. काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा. तुकडा दोऱ्याला टांगून पूर्ण बुडवा, पण तळाला आणि कडेला टेकू देऊ नका. काटा आता जो आकडा दाखवेल तो तुकड्याने सारलेल्या पाण्याचं वजन, म्हणजेच घन सेंटिमीटरमध्ये आकारमान. कोरडं वजन भागिले हा आकडा म्हणजे घनता.

उदाहरणार्थ कोरडं वजन ४१२, बुडवल्यावर १४६, तर ४१२ ÷ १४६ = २.८२. हा बेसाल्ट. दुसरा तुकडा ३९५ आणि १५८, म्हणजे २.५०. हा ट्रॅकाइट किंवा ऱ्हायोलाइटकडचा. २.३ च्या खाली आलं तर टफ, किंवा पार कुजलेला खडक.

चुका दोनच होतात. तुकडा तळाला टेकला की आकडा भलताच चढतो आणि घनता कमी येते. आणि तुकडा सच्छिद्र असेल तर बेसाल्टसुद्धा २.५ दाखवतो, म्हणून फोड-पोकळ्या नसलेला तुकडाच निवडायचा.

ट्रॅपवाला

ही कसोटी मान्य. कुर्ल्याच्या दगडाचं काय? त्यात राखाडी आणि बदामी दोन्ही रंग सांगताय.

गारगोटी

दोन्ही रंग, आणि दोन्ही जाती त्या पट्ट्यात जवळजवळ आहेत. साकीनाक्याचा ट्रॅकाइट आणि आजूबाजूचा बेसाल्ट यांत फार अंतर नाही. त्यामुळे 'कुर्ला दगड' एवढ्या नावावर खडकाची जात ठरवू नये, तुकडा बघूनच ठरवावी.

घनतेच्या जोडीला तीन कसोट्या. दोऱ्याला बांधलेलं छोटं लोहचुंबक ताज्या बेसाल्टकडे किंचित झुकतं, कारण त्यात मॅग्नेटाइट असतं. ट्रॅकाइटकडे बहुधा ढिम्म. दुसरी ॲसिडची: हार्डवेअरच्या दुकानातलं म्युरिॲटिक ॲसिड १ भाग, पाणी २ ते ३ भाग, आणि नेहमी ॲसिड पाण्यात ओतायचं, उलट कधीच नाही. पोकळीतल्या पांढऱ्या खनिजावर थेंब टाकून फसफसलं तर कॅल्साइट, गप्प राहिलं तर झिओलाइट (लाव्ह्याच्या पोकळ्यांत वाढणारं, पाणी धरून ठेवणारं खनिज) किंवा गारगोटी. तिसरी चाकूची: पोलादी पातं गारगोटीवर ओरखडा काढत नाही, कॅल्साइटवर सहज काढतं.

स्फटिक_संग्राहक

झिओलाइटचा विषय निघालाच आहे तर. मालाड, कांदिवली, कुर्ल्याच्या जुन्या खाणींतले नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत: प्रेह्नाइट, ओकेनाइट, गायरोलाइट, लॉमोंटाइट, ॲपोफिलाइट, शिवाय बॅबिंग्टोनाइटसारखं काळं चकाकतं खनिज. मालाडच्या हिरव्या प्रेह्नाइटचे बोटांच्या आकाराचे पोकळ तुकडे प्रसिद्ध आहेत. आधी तिथे लॉमोंटाइटचे लांबट स्फटिक होते, त्यांवर प्रेह्नाइटचं कवच चढलं, आतला स्फटिक पुढे गेला आणि नळी उरली.

जपणूक महत्त्वाची. लॉमोंटाइट कोरड्या हवेत पाणी सोडतं आणि पांढरी भुकटी होऊन ढासळतं. एसीच्या खोलीत उघडं ठेवलं तर फार दिवस काढत नाही. झाकणाच्या डबीत, सोबत ओलसर कापसाचा बोळा. ओकेनाइट नेमकं उलट. पांढऱ्या मऊ तंतूंचे गोळे असतात त्याचे. त्याला पाणी नको, ब्रश नको, बोटही नको. तंतू एकदा चिकटले की परत उभे राहत नाहीत. धूळ बसली तर लांबून रबरी फुग्याने हलकी हवा.

लेणीप्रेमी

गारगोटी आणि संग्राहक, दोघांनाही विनंती. हातोडी आणि ॲसिड लेण्यांच्या आसपासही काढू नका असं ठळक लिहा. कान्हेरी, घारापुरी, महाकाली, जोगेश्वरी ही संरक्षित स्मारकं आहेत, आणि राष्ट्रीय उद्यानातून खडा उचलणंही नियमाबाहेर.

लेण्यांमध्ये खडकाचा फरक नुसत्या डोळ्यांनी कळतो. घारापुरी घट्ट बेसाल्टमध्ये, म्हणून त्रिमूर्तीच्या चेहऱ्यावरचं बारीक काम टिकलं. जोगेश्वरी आणि महाकाली ब्रेशियात. राखेच्या गाऱ्यात बेसाल्टचे कोनदार तुकडे रुतलेले. ओल आली की गारा आधी झिजतो, तुकडे उघडे पडतात, मग ते गळतात. जोगेश्वरीला खांबांचे पृष्ठभाग खडबडीत खवल्यांचे झालेत ते त्यामुळे. कान्हेरीचा खडकही ब्रेशियाच, पण चांगला जुळलेला. तिथे पाणी वाहून न्यायला कोरलेले पाट आणि टाकी आहेत, त्यांनीही लेणी वाचवली. पावसाळ्यात कान्हेरीला गेलात तर लेण्याच्या दर्शनी भागावरचा पाट बघाच. पाणी मूर्तीवरून न येता बाजूला कसं वळवलंय ते समजतं.

साष्टीकर

लेणीप्रेमी, मान्य. कसोट्या खाणीच्या डबरावर किंवा बांधकामातून निघालेल्या दगडावरच कराव्यात.

मनोरीचा_वारा

किनाऱ्यावरचा एक खडक राहिला. मनोरी-गोराईच्या बाजूला भरतीच्या रेषेत शिंपल्यांचा आणि वाळूचा घट्ट दगड मिळतो, त्याला करळ म्हणतात. लाव्ह्याशी त्याचा संबंध नाही. शिंपल्यांतलाच चुना विरघळून वाळूचे कण सांधतो. वय फक्त काही हजार वर्षं. ॲसिडचा थेंब टाकला की जोरात फसफसतो, त्यामुळे ओळखायला सगळ्यात सोपा. जुन्या बांधकामांत वापरलेला दिसतो. आता तो काढू नये. किनाऱ्याची धूप अडवणारी पहिली पायरी तीच आहे.

बंदर_नोंदी

समुद्राची पातळी आणि जमीन खचणं यावरून एक भर. १८७०च्या दशकाच्या अखेरीस प्रिन्सेस डॉक खोदताना चिखलाखाली शेकडो खैराची झाडं मिळाली होती, बरीचशी मुळांवर उभी. खैर खाऱ्या पाण्यात वाढत नाही. म्हणजे पूर्व किनाऱ्यावर कोरडी जमीन होती आणि ती भरतीच्या पातळीखाली गेली. डॉक १८८०मध्ये सुरू झाला.

हिंदमहासागर

बेटांचा विषय आहे तर मुंबईचं दूरचं नातं सांगतो: सेशेल्स. कातळखूणनी वर ज्या फाटण्याबद्दल लिहिलं, त्यातच सेशेल्स आपल्यापासून सुटलं. तिथलं माहे बेट साधारण ७५ कोटी वर्षं जुन्या ग्रॅनाइटचं. पण शेजारचं सिल्हूट बेट ६.३ कोटी वर्षांच्या आसपासच्या सायनाइटचं, म्हणजे मुंबईच्या उद्रेकांच्या काळातलंच. ट्रॅकाइटचा रस वर न येता खोलवर सावकाश थिजला की सायनाइट होतो. मालाडचा दगड आणि सिल्हूटचा दगड एकाच घडामोडीची दोन टोकं आहेत.

रेवती_जो

हे फार सुंदर आहे! मालाडच्या भिंतीला हात लावताना आता सेशेल्स आठवणार.

पायाभरणी

सेशेल्सहून परत परळला. तिसऱ्या प्रश्नावर अजून कोणी लिहिलेलं नाही आणि पैसे त्यातच अडकलेले असतात.

मुंबईत 'कडक खडक लागला' म्हणजे खालीही खडकच, असं नसतं. वरून खाली येणारा क्रम बहुधा असा: भराव, खाडीची चिकणमाती, मुरूम, मग खडक. खडक कुठे २-३ मीटरवर लागतो, कुठे १५ मीटरच्या पुढे. आणि तो बेसाल्ट असला तरी त्याच्या पोटात शेल किंवा टफ असू शकतो. कातळखूणनी सांगितलेला तो तळ्याचा चिखल. दीड-दोन मीटर बेसाल्टवर बोअर थांबवला तर अहवाल देखणा दिसतो आणि पाइल (पायासाठी खोल उतरवलेला काँक्रीटचा खांब) पातळ टोपीवर बसते. थर कललेले असल्यामुळे प्लॉटच्या पूर्व टोकाला आणि पश्चिम टोकाला एकाच खोलीवर वेगळा खडक मिळणं अगदी नेहमीचं आहे.

अहवालात आधी हे बघा. बोअर प्लॉटच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्ये आहेत का, की सोयीच्या एकाच बाजूला. कडक खडक लागल्यावर निदान ५ मीटर पुढे गेलेत का. प्रत्येक रनचा, म्हणजे ड्रिलच्या एका खेपेचा, गाभा (भोकातून निघालेला दगडाचा दंडगोल) किती मिळाला आणि आरक्यूडी किती. आरक्यूडी म्हणजे १० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकड्यांची बेरीज भागिले रनची लांबी. दीड मीटरच्या रनमध्ये असे तुकडे मिळून ९० सेंटिमीटर असतील तर ६० टक्के. गाभा कमी आणि ड्रिलसाठी सोडलेलं पाणी परत येणं बंद, अशी नोंद एकाच खोलीवर असेल तर तिथे भेग किंवा मऊ थर आहे.

ट्रॅपवाला

आरक्यूडीवर एवढा भर देऊ नका असं सांगेन. मुंबईच्या ब्रेशियात आणि टफमध्ये सांधे कमीच असतात, गाभा लांबच लांब अखंड निघतो. आरक्यूडी ८५-९० येतो आणि दगड मात्र नखाने खरवडला जातो. उलट स्तंभाकार बेसाल्टमध्ये सांध्यांमुळे आरक्यूडी ४० येतो आणि दगड लोखंडासारखा.

पायाभरणी

बरोबर, आणि म्हणूनच आरक्यूडीच्या शेजारी दाबक्षमतेचा आकडा हवाच. ताज्या बेसाल्टची १०० मेगापास्कलच्या वर सहज जाते, टफची १०-२० मध्येही अडकते. चाचणी भिजवलेल्या नमुन्यावर केलीय का ते विचारा. टफ कोरडा असताना बरा आकडा देतो, भिजल्यावर बराच उतरतो. पाइल आयुष्यभर पाण्यातच असणार, कोरड्या आकड्याचा उपयोग काय?

टफ किंवा शेलचा तुकडा पाण्याच्या ग्लासात टाकून तासभर बघणं ही फुकटची चाचणी आहे. कडा सुटून तळाला गाळ बसला, तर तो खडक उघडा पडल्यावर पायातही तसंच करणार. अशा ठिकाणी खोदलेला तळ रात्रभर उघडा ठेवायचा नाही. शेवटचे १५-२० सेंटिमीटर हाताने काढायचे आणि त्याच दिवशी ७५ मिलिमीटर पीसीसी (सळयांशिवायचं साधं काँक्रीट) टाकून तळ झाकायचा. पाइलमध्ये बुडाची धुलाई झाल्यावर काँक्रीटला उशीर झाला तर धुलाई पुन्हा करायची. बुडाशी मऊ झालेला दोन इंच थर राहिला की पुढे पाइल बसते, आणि दोष काँक्रीटला दिला जातो.

सखल भागात, म्हणजे लालबाग, परळ, दादरच्या भरावाखाली, चिकणमाती अजून दबत असेल तर ती पाइलला खाली ओढते. डिझाइनमध्ये हा ओढ धरलाय का, हा प्रश्न लेखी विचारा.

कातळखूण

बोगदा खोदणाऱ्यांनाही हेच भेटतं. किनारी रस्त्याचे मलबार हिलखालचे दोन बोगदे, प्रत्येकी २.०७ किलोमीटर. ते खोदणाऱ्या 'मावळा' यंत्राचा व्यास १२.१९ मीटर. पहिला बोगदा जानेवारी २०२२मध्ये पार झाला. एवढ्या व्यासात वरच्या अर्ध्यात बेसाल्ट आणि खालच्या अर्ध्यात मऊ थर असा मिश्र चेहरा आला की कटरवर भार असमान पडतो. मग वेग कमी करावा लागतो आणि कटर लवकर बदलावे लागतात.

बाणगंगा

मलबार हिलचा उतार ५ ऑगस्ट २०२०च्या पावसात खेर मार्गालगत सरकला. दगड 'मजबूत' असताना असं कसं?

पायाभरणी

सरकतो तो बेसाल्टचा गाभा नव्हे, त्याच्या वरची कुजलेली साल. बेसाल्ट कांद्याच्या पापुद्र्यांसारखा गोल-गोल सुटत जातो, मध्ये मुरूम आणि माती. अतिवृष्टीत पाणी मातीत मुरतं, खालच्या घट्ट खडकावर अडतं, आणि त्या सीमेवर दाब वाढतो. धारक भिंतीला पाणी बाहेर जायची भोकं नसतील किंवा बुजली असतील तर भिंतीमागे पाण्याचा स्तंभ उभा राहतो. भोकं ७५ ते १०० मिलिमीटरची, दीड-दोन मीटरच्या अंतराने, मागे खडी आणि जिओटेक्स्टाइलचा (माती अडवून पाणी जाऊ देणाऱ्या कापडाचा) गाळणी थर, आणि बाहेरच्या बाजूला किंचित उतार. दर मे महिन्यात प्रत्येक भोकात सळई घालून बघायचं. पावसात भोकातून पाणी येत असेल तर चांगलं आहे. भिंत ओली आणि भोकं कोरडी असतील तर लगेच अभियंत्याला बोलवा.

साष्टीकर

सगळ्यांचे आभार, तिन्ही प्रश्नांची उत्तरं मिळाली. एक व्यावहारिक शंका उरते. अहवालाच्या कागदावर विश्वास ठेवण्याऐवजी सोसायटीने गाभा स्वतः बघायचा म्हटलं तर काय मागायचं आणि काय बघायचं?

पायाभरणी

गाभ्याच्या पेट्या मागायच्या, तो मागण्याचा हक्क करारातच लिहून घ्यायचा. पेटीवर बोअर क्रमांक, रनची सुरुवात-शेवट खोली आणि तारीख ऑइल पेंटने लिहिलेली हवी. जिथे गाभा मिळाला नाही तिथे तेवढ्याच लांबीचा लाकडी ठोकळा. तुकडे सरकवून पोकळी भरून काढलेली असेल तर पेटी बघण्यात अर्थ नाही. प्रत्येक पेटीचे दोन फोटो, एक कोरडा, एक पाणी मारून. ओल्यात ब्रेशियाचे कोनदार तुकडे आणि शेलचे पट्टे लगेच उठून दिसतात.

ट्रॅपवाला

आणि टफ-शेलचे तुकडे बाहेर आल्या-आल्या क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून वर मेणाचा थर द्यायला सांगा. उन्हात दोन दिवस पडले की भेगाळतात आणि प्रयोगशाळेत पाठवण्याजोगा तुकडाच उरत नाही. मग चाचणीला फक्त टिकलेले, म्हणजे सगळ्यात कडक तुकडे जातात आणि सरासरी उगाच वर चढते. पेट्या पत्र्याच्या शेडखाली, जमिनीपासून विटांवर उचलून, निदान पायाचं काम पुरं होईपर्यंत ठेवायच्या.